दोरीच्या गाठी

रुचिराच्या गळ्याखाली आणि दंडावर ती नववीत असताना बारीक गाठी उठल्या, तेव्हा डॉक्टरची वाट न बघता भाट्याच्या अर्ध्या वाडीने त्यांचं निदान करून टाकलं. पोटुशी असताना तिच्या आईने, बकुळाने, सुरमईची गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, चापून खाल्ली होती. तीच पोरीच्या अंगावर उमटली. झालं, गाठींचं नाव पडलं गाबोळी. बकुळा बाजारात मासळी विकायची, कुणाच्या बापाला भ्यायची नाही, पण हे तिने फार मनाला लावून घेतलं. पोरीची वेणी घालता घालता तिचे हात मध्येच थांबायचे.

तिचा नवरा भिवा हे सगळं बघत होता. गाठी त्याच्याही काखेत आणि पाठीवर होत्या, पण त्या दोरीच्या. जाळं ओढताना दोरी घासते, त्याने येतात, असं त्याला त्याच्या आईनेच सांगितलं होतं. आता ही आई जन्मात कधी होडीत चढली नव्हती आणि तिच्याही मानेवर तशाच गाठी होत्या, हे भिवाच्या ध्यानात यायला हवं होतं. ते आलं नाही.

यंदा रुचिराच्या छातीवरची एक गाठ लाल होऊन ठणकायला लागली. मोबाइलवर नको नको ते वाचून पोरीचं जेवणच सुटलं. तेव्हा कुठे तिघं रिक्षा करून रत्नागिरीत कातडीच्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर नम्रताबाईंनी गाठी चाचपल्या, ठणकणारीला बारीक छेद दिला. आतून पिवळट तेलकट द्रव आला. हा कॅन्सर नव्हे, त्या म्हणाल्या. कातडीतल्या तेलाच्या ग्रंथींपाशी अशा पिशव्या तयार होतात. स्टिॲटोसिस्टोमा मल्टिप्लेक्स. नाव लांबलचक, फारसा कुणाला होत नाही, पण आजार गरीब. खात्रीसाठी एक गाठ तपासायला पाठवू. खुपतात तेवढ्या पिशवीसकट काढता येतील, नव्याही येऊ शकतील, घरी मात्र पिळत बसायचं नाही. रुचिराचे खांदे एकदम सैल झाले.

बकुळाला राहवेना. तिने गाबोळीची सगळी हकीकत सांगितली आणि डोळ्यांना पदर लावला. डॉक्टर हसल्या नाहीत. खाण्याशी याचा काही संबंध नाही, पुष्कळदा हे घराण्यातून येतं, घरात आणखी कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं. कुणालाच नाही, रुचिरा म्हणाली.

आपल्या गाठी दोरीच्या नव्हेतच की काय, असं भिवाला पहिल्यांदाच वाटलं. बोलावं तर पोरीच्या मनातून उतरू, न बोलावं तर बायको जन्मभर त्या गाबोळीला रडणार. उधाणात होडी घालणारा गडी, पण शर्टाच्या बटणाला हात लावताना त्याला घाम फुटला.

"बाई, दोरीनं घासून पन येतात ना असल्या गाठी?"

डॉक्टरांनी त्याला शर्ट काढायला लावला, बघितलं, मग रुचिराला जवळ बोलावून दाखवलं. तीच गाठ, तोच आजार. एकाच घरात त्याला दोन नावं पडली होती, म्हणून कुणी दोन्ही गाठी शेजारी ठेवून बघितल्याच नाहीत.

बकुळाने नवऱ्याकडे असं बघितलं की आता काही खैर नव्हती. पण त्याचा चेहरा बघून तिने राग गिळला. भिवा मान वर करीना.

"माज्यामुळं झाला तुला," तो पोरीला म्हणाला. "काय बोलायचा ता बोल. मी ऐकून घेतो."

रुचिराने त्याच्या पाठीवरच्या एका गाठीवर हलकेच बोट ठेवलं. दुखते का, विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली.

"सगळी म्हणतात पोर आईवर गेली," ती म्हणाली. "नाक आईचा, बोलणा आईचा. बाबा, तुझा माज्यात काय हाय, ता मी किती शोधला."

भिवाला बटणं लावता येईनात. ती तिनेच एकेक करून लावली. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांसमोरून तो तसाच रडत गेला, तोंड लपवायचं त्याला सुचलंच नाही.