तळाची टिकली

सत्तावन्नच्या फ्लूत गुरुराज गेले. तुळसी वाचली, कपाळ मात्र मोकळं झालं. ती मद्रासच्या प्रयोगशाळेत कामावर परतली, तेव्हा त्यांच्या घशातला विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढत होता.

नुसत्या रक्तपेशी नळीच्या तळाशी अलगद बसत, कुंकवाच्या टिकलीसारख्या. विषाणू मात्र अंगावरच्या ज्या काट्यांनी पेशीला धरून आत शिरतो, त्याच काट्यांनी या रक्तपेशींना अधांतरी गुंतवून ठेवी. गुरुराजांच्या नळीत टिकली कधी बसलीच नाही.

आज तिने त्यांच्या विषाणूच्या नव्या नळीत आधी, त्या काट्यांशी झुंजून उरलेल्या आपल्याच रक्ताचं सीरम घातलं, मग रक्तपेशी. खाऱ्या वाऱ्यात तिचा डोळा लागला. स्वप्नात ती तांबड्या पाण्यातून खाली उतरत होती. धरणारे हात एकेक करून सुटत होते.

जाग आली. सीरमने काटे झाकले होते. तळाशी टिकली बसली होती.

संध्याकाळी सगळ्या नळ्या धुतल्या गेल्या. ती एक तिने हलवली नाही.