हणमंतरावांची गाडी

पद्मनाभने आयुष्यभर एकच काम केलं. हुबळीत एका ट्रक डीलरकडे स्पेअर पार्टच्या काउंटरवर उभं राहायचं आणि गिऱ्हाइकाने चासी नंबर सांगितला की त्या गाडीला बसेल तोच पार्ट काढून द्यायचा. चासी म्हणजे ट्रकचा लोखंडी सांगाडा, आणि त्यावर ठोकलेला नंबर म्हणजे गाडीची जन्मपत्रिका. आधी मॉडेलचे आकडे, मग पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचं अक्षर, मग मागचा एक्सल घाटाचा की सपाटीचा त्याचं, मग वर्ष, मग महिना. इतरांना माणसांचे चेहरे लक्षात राहतात, पद्मनाभला नंबर राहायचे. रिटायर होऊन विद्यानगरात घर बांधलं तरी खोड गेली नाही. भाजी आणायला निघालेला हा गृहस्थ रस्त्यावरच्या जुन्या ट्रकखाली वाकून बघायला लागला, की बायको ओळख नसल्यासारखी पुढे चालू लागायची.

अशा माणसाला कमलवैनींचा फोन आला.

"अण्णा, आमची पहिली गाडी सापडली बघा! बेलूरला उभी हाय."

वैनींचे यजमान हणमंतराव हे पद्मनाभचे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने मित्र. त्या पहिल्या ट्रकने त्यांनी अमरगोळच्या मार्केट यार्डातून कांदा-मिरची भरून गोव्याच्या घाटात किती खेपा केल्या याला गणतीच नाही. पुढे गाडी विकली, ती हातोहात फिरत कुठे गेली कळलं नाही. गेल्या साली हणमंतरावही गेले.

मुलगा चेतन याचं हुबळीजवळच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप होतं. शेजारच्या फाउंड्रीत आतल्या आत माल हलवायला एक जुनाट ट्रक होता, तो आता भंगारात निघाला होता. चेतनने गंमत म्हणून आईला फोटो दाखवला आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. गाडी घरी आण म्हणून आईने धरणंच धरलं. शेवटी तो म्हणाला, "भंगारच आणायचं तर आपलं आणू. पद्मनाभकाकांनी नंबर बघावा. हो म्हणाले तर आणतो, नाही म्हणाले तर परत नाव काढायचं नाही." वैनींनी कबूल केलं. गाडी कापणारे भंगारवाले दुसऱ्या दिवशी यायचे होते.

वैनींबरोबर कारने बेलूरला जाताना पद्मनाभ लग्नाला निघाल्यासारखा खुशीत होता. ती गाडी आली तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. तेव्हा कारखान्यातून नुसती चासी यायची. इंजिन, चाकं, स्टिअरिंग, बस्स. केबिन नाही, काच नाही. हणमंतराव स्वतः कारखान्यात गेले, खोक्यावर बसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून ती उघडी चासी चालवत हुबळीपर्यंत आले. तोंडावर लाल धुळीचा थर, आणि त्यातून दात तेवढे दिसत होते, कारण हसू मावत नव्हतं. नंबरावर कागद धरून, वरून पेन्सिल घासून ठसा उठवायचा मान त्यांनी पद्मनाभला दिला होता. लांबी आखूड, एक्सल घाटाचा. तो नंबर पद्मनाभला देवाच्या नावासारखा पाठ होता. नंतर चासी केबिन आणि बॉडी बांधायला गेली, तिकडे मात्र हा एकदाही फिरकला नाही. बॉडीला तो 'सुतारकाम' म्हणायचा आणि नाक मुरडायचा.

ट्रक फाउंड्रीच्या मागच्या बाजूला बाभळीखाली उभा होता. रंग उडालेला, एक दिवा गायब. वैनी बाजूला पदर सावरत उभ्या राहिल्या. पद्मनाभ गुडघ्यांच्या नावाने कण्हत खाली बसला. उजव्या बाजूची पट्टी तारेच्या ब्रशने घासली, रॉकेलचा बोळा फिरवला, वरून खडू चोळला. एकेक आकडा वर यायला लागला.

पहिलंच अक्षर उमटलं ते चुकीचं. लांबी मोठी. पुढचं अक्षर सपाटीच्या एक्सलचं. वर्षसुद्धा नंतरचं. त्याने पुन्हा खडू चोळला, चष्मा पुसला, नंबर तोच.

"नंबर सिक्तेन्री?" फाउंड्रीच्या वॉचमनने कानडीत विचारलं. नंबर तर सापडला होता.

चेतन वाकून विचारत होता, "काका? हीच ना?"

हो म्हणायला काय जात होतं? चेतनला त्या आकड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हातारीच्या तोंडावर हसू आलं असतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण काउंटरवर उभ्या जन्मात पद्मनाभने कुणाला चुकीचा पार्ट दिला नव्हता. हणमंतरावांच्या नावावर दुसऱ्याची चासी खपवायला त्याची जीभ रेटेना.

"वैनी, ही ती नव्हे," तो म्हणाला. "ही दुसऱ्याच कुणाची."

वैनी गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या. परत कारकडे निघाल्या असं चेतनला वाटलं, पण त्यांनी निऱ्या खोचल्या, खाली न बघता पाय टाकला, डाव्या हाताने दांडी धरली आणि सत्तरीची ती बाई सरळ केबिनमध्ये जाऊन बसली.

"आई! पडशील की!"

"कुठं पडतीये?" त्या वरून म्हणाल्या. "पाय ठेवलाय ते बघ की आधी."

दाराखाली, नेहमीच्या पायरीच्याही खूप खाली, लोखंडी पट्टीची एक जादा पायरी जोडलेली होती. वर खांद्याच्या उंचीला दांडी. पद्मनाभने हजारो गाड्या पाहिल्या होत्या. अशी पायरी पाहिली नव्हती.

"लग्न नवं होतं," वैनी सांगू लागल्या. "सासऱ्यांच्या गाडीत मला चढता येईना. माझी उंची ही अशी. मग ह्यांनी काय करावं? भर यार्डात, हमाल, दलाल, मामंजी सगळे बघायलेत, मला उचलून आत ठेवली! मी आठ दिवस बोलले नाही बघा. परत गाडीत बसणार नाही म्हणून सांगितलं. मग स्वतःची गाडी आली तेव्हा ही पायरी करून घेतली. बॉडी बांधणाऱ्या सुताराला म्हणाले, क्लीनर बुटका आहे."

"बुटका?" पद्मनाभ ओरडलाच. "क्लीनर कृष्णा? अहो, त्याचं डोकं टपाला लागायचं!"

आणि तो जो हसायला लागला तो थांबेना. हसता हसता डोळे पुसायला लागला. केबिन उतरवून दुसऱ्या चासीवर चढवणं हे काही नवल नव्हतं, त्याने शंभरदा ऐकलं होतं. जुनी चासी कुठे तरी मोडली असेल, कुणी तरी शहाण्याने चांगली केबिन वाया घालवली नसेल. एवढं साधं डोक्यात आलं नाही, कारण सुतारकामाकडे बघायची सवयच नव्हती. त्याला हणमंतरावांची फार आठवण आली.

"काका, मग आपली म्हणायची का नाही?" चेतन गोंधळला होता. "नंबर तर नाही म्हणतोय."

"कंपनीनं तुझ्या बाबांना काय दिलं ते नंबरात असतंय बाबा. त्यांनी तुझ्या आईला काय दिलं ते कंपनी कुठं ठोकणार? चासी जाऊ दे भंगारात. केबिन उतरवून घे."

भंगारवाल्यांना नंबराची पट्टी आणि सांगाडा मिळाल्याशी मतलब. केबिन चेतनच्या वर्कशॉपच्या आवारात आली. आईला त्रास नको म्हणून त्याने ती जमिनीलगत ठेवली, दार उघडलं की खोलीत गेल्यासारखं आत जाता यावं. वैनींनी बघितलं आणि मान हलवली.

"उंच कर."

"अगं, गुडघे दुखतात ना तुझे?"

"गाडी होती तेवढी उंच कर."

चेतनने कुरकुरत लाकडी ओंडके लावले, जॅकने केबिन वर उचलली. वैनी दारापाशी आल्या. पद्मनाभने पुढे होऊन हात दिला.

"हात नको, अण्णा," त्या म्हणाल्या. "कुणाचा हात धरायला लागू नये म्हणून तर ह्यांनी ही करून घेतली."

आणि त्या चढल्या.