ऐकण्याची खुर्ची

साहेब प्रशिक्षण घेऊन आले आणि माझ्या टेबलासमोर एक खुर्ची वाढली. साधीसुधी नाही, गादीची, त्यांच्याच केबिनमधली. "नोकरीच्या अटी बदलल्या की कर्मचाऱ्याला उभ्याउभ्या सांगायचं नाही," ते म्हणाले. "बसवायचं. समोरासमोर, शांतपणे, आपुलकीनं. मग माहिती पोचली असं धरायचं." आपुलकी कशी करायची तेही एका कार्डावर छापून आणलं होतं. कार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली गेलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

मी पाणीपुरवठा खात्याच्या आस्थापना विभागात आहे. लोकांच्या रजा, बदल्या, पगारवाढी माझ्या टेबलावरून जातात, त्यामुळे चांगली बातमी साहेबांची असते आणि वाईट बातमी माझी. या वेळची अशी होती: पंपावर, टाकीवर, दुरुस्तीवर आजवर ज्याला जी पाळी मिळाली ती त्याची कायम असायची. आता सगळ्यांच्या पाळ्या दर महिन्याला बदलणार, येत्या पहिल्या तारखेपासून. हुकूम वरून आलेला, त्यामुळे का म्हणून विचारायची सोय नव्हती.

सुरुवातीला माणसं आली, बसली, ऐकून घेतलं आणि तोंड पाडून गेली. मग फिटरनं डोकं चालवलं. फिटर म्हणजे आमच्या खात्यातला बिनफीचा वकील. त्यानं सगळ्यांना पटवलं की बसलं तर कळलं. बसलोच नाही तर कळलंच नाही, आणि कळलंच नाही तर लागू कसं होणार? झालं. त्या दिवसापासून खात्यात कुणाला बसवेना. कुणाची पाठ धरलेली, कुणाला डॉक्टरनं बसायची मनाई केलेली. टाकीवरचा रखवालदार, ज्यानं आयुष्यभर बसायचाच पगार घेतला, तो माझ्यासमोर चहा गार होईपर्यंत उभा राहिला.

"बसा ना," मी म्हणायची.

"नको बाई, उभाच बरा आहे."

एरवी मी पोट धरून हसले असते, पण हसायलाही अंगात त्राण लागतं. त्यात एक दिवस फिटर दारातूनच म्हणाला, "बाई, आधी तुमच्या घरच्यांना बसवा. ते बसले की आम्ही रांगेनं बसतो."

माझे हे मोठ्या पंपावर ऑपरेटर आहेत. कायम रात्रपाळी. ती त्यांनी मागून घेतलीय, याचं लोकांना नवल वाटतं. आमच्या घरात वन्सं आहेत, यांची थोरली बहीण. आई गेल्यावर यांना त्यांनीच वाढवलं, आणि त्यात स्वतःचं लग्नाचं वय घालवलं. आता त्यांचं अर्धं अंग लुळं पडलंय. कूस बदलायलाही माणूस लागतो, पण जीभ शाबूत आहे. "तुमचा संसार म्हणजे पहाऱ्याची चौकी," त्या मला म्हणतात, "एक आला की दुसरा सुटला."

खरंच आहे ते. सकाळी हे जिना चढतात तेव्हा मी उतरत असते. मधल्या वळणावर आम्ही थांबतो. "गोळी दिली." "चादर बदलली." "आज फारसं बोलत नाहीत." संध्याकाळी तेच, उलट्या बाजूनं. त्यामुळे घरात सतत कुणीतरी असतं. इतकी वर्षं आमच्या दाराला बाहेरून कुलूप लागलेलं नाही. कुलूप घरात कुठे ठेवलंय हेही मला सांगता येणार नाही.

तर यांना बसवायचं काम माझ्यावर आलं होतं. यांना सगळं आधीच ठाऊक होतं, पंपावर दुसरा विषयच नव्हता. पण वळणावर मी "अहो, ते पाळ्यांचं" एवढं म्हटलं की हे म्हणायचे, "ऑफिस घरात नको."

"हे घर नाही, जिना आहे," मी एकदा चिडून म्हटलं. ते वर गेले.

राग आला, पण टिकला नाही. मी सांगत नव्हते तोवर ते रात्रपाळीचे होते आणि वन्संजवळ माणूस होतं. मलाही सांगायचं नव्हतंच. साहेबांना मी आडून विचारूनही पाहिलं, घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर काय म्हणून. त्यांनी काचेखालच्या कार्डावर बोट ठेवलं. "आहे ना त्यात."

महिना संपत आला तेव्हा साहेबांनी मला आत बोलावलं आणि बसायला सांगितलं. तेव्हाच मी काय ते ओळखलं. शुक्रवारपर्यंत सगळ्यांना माहिती पोचली नाही तर जबाबदारी माझी धरतील, माझ्या नोकरीवर येईल. "माझ्या हातात काही नाही," ते म्हणाले. त्यांचाही चेहरा ओढलेला होता. त्यांनाही कुणीतरी असंच बसवलं असणार.

मी घरी ब्रही काढला नाही. पण शिपायानं दाराआडून ऐकलं होतं, आणि शिपायानं ऐकलं म्हणजे ते संध्याकाळपर्यंत पंपावर पोचलंच.

शुक्रवारी सकाळी हे वळणावर नेहमीसारखे भेटले, नेहमीसारखे वर गेले. आणि थोड्या वेळानं बघते तर ऑफिसच्या दारात उभे. अंगावर रात्रीचाच शर्ट, बाहीला ग्रीस, डोळे लाल. त्यांच्यामागे पॅसेजमध्ये फिटर, रखवालदार आणि आणखी चारजण जमलेले.

मी खुर्चीतून उठलेच. "वन्सं?"

"खालच्या काकू बसल्यात. अर्धा तास थांबते म्हणाल्या."

मग इकडेतिकडे न बघता त्यांनी ती गादीची खुर्ची ओढली आणि बसले. "सांगा, बाई."

खात्यातले सगळेच मला बाई म्हणतात, मला त्याचं काही वाटत नाही. त्या वेळी वाटलं. फार वाईट वाटलं.

मी सांगितलं. पाळ्या दर महिन्याला बदलतील. तुमची पहिल्या तारखेपासून दिवसपाळी.

"घरी आजारी माणूस असेल तर?"

घरच्या अडचणीचं बसलेल्या प्रत्येकानंच विचारलं होतं, म्हणून कार्डावरचं उत्तर मला पाठ होतं. "वैयक्तिक अडचणींचा स्वतंत्रपणे विचार करण्यात येईल."

"कोण करणार?"

"वर."

"कधी?"

"कळवण्यात येईल."

ते चिडले असते तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द बोलता आले असते. ते नुसते दमलेले दिसत होते. मीही तशीच दिसत असणार.

कार्डाच्या शेवटी एक प्रश्न होता. तो विचारायचा आणि गप्प राहायचं, समोरच्याला बोलू द्यायचं. "तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. घरात हे मी त्यांना शेवटचं कधी विचारलं होतं, आठवत नाही.

ते बराच वेळ खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत राहिले. मग टेबलाकडे वाकले आणि पॅसेजमध्ये ऐकू जाणार नाही अशा आवाजात, घरच्यासारखं म्हणाले, "म्हणजे सकाळी आपण दोघं बरोबरच निघायचं."

"हो."

"मग बाहेरून कुलूप कोण लावणार? तू की मी?"

मी गप्प राहिले. कार्डात सांगितलं होतं म्हणून नाही.

थोडा वेळ वाट बघून ते उठले, काकूंचा अर्धा तास होत आला होता. फिटर त्यांना वाट द्यायला बाजूला सरला. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग तो आत आला आणि मी काही म्हणायच्या आत खुर्चीत बसला.

"बोला बाई," तो म्हणाला.

मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.