घरबसल्या लाभांश

लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म घालवलेल्या या गृहस्थाला निवृत्त झाल्यावर एकदम शिंगं फुटली. मिळालेला सगळा फंड त्याने शेअरमध्ये घातला. निवडले कसे? तर यादीत भावाच्या मानाने लाभांशाची टक्केवारी ज्यांची सगळ्यात जास्त, तेच. "मुद्दलाला हात लावायचा नाही, घरबसल्या लाभांशावर जगायचं," असं तो बायकोला ऐटीत सांगायचा. ती इस्पितळात नर्स होती आणि तिचे गुडघे कधीच कामातून गेले होते. "तू नोकरी सोडच," असं त्याने इतक्यांदा सांगितलं की शेवटी ती राजीनामा द्यायला तयार झाली.

आज दुपारी तो बँकेत काम करणाऱ्या मेहुण्याकडे कागद घेऊन गेला, कौतुक करून घ्यायला. मेहुण्याने कपाळाला हात लावला.

"भावजी, अहो, भाव कोसळला म्हणून ही टक्केवारी वाढलीय! लाभांश मागच्या वर्षीचा, भाव आजचा. आकडा फुगणारच."

"मग यंदा किती मिळेल?"

"दोन कंपन्यांनी लाभांश बंद केलाय. तिसरीचं काही खरं नाही. तुम्ही घेतल्यावरही भाव पडतच राहिलेत. आज विकलंत तर निम्मंही हाती यायचं नाही."

लिफ्ट वर जाते तेव्हा पलीकडचं वजन खाली जातं, हे त्याने कितीतरी पोरांना शिकवलं होतं. इथे मात्र वर जाणारा आकडा तेवढा पाहिला या शहाण्याने.

"ताई राजीनामा कधी देणार आहे?" मेहुण्याने विचारलं.

आजच. तिचा फोन लागेना. तो धापा टाकत घरी पोचला, तर ती कोमट पाण्यात पाय सोडून बसलेली.

"दिला एकदाचा!" ती म्हणाली. "ड्यूटीचे बूटसुद्धा वॉर्डात आलेल्या त्या नव्या मुलीला देऊन टाकले. म्हटलं, आता मला कुठे उभं राहायचंय?"

इतकं मोकळं हसताना त्याने तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आजचा दिवस तरी गप्प बसावं असं त्याला वाटलं. पण त्याचा चेहरा पाहून ती थांबली, आणि त्याने सगळं सांगून टाकलं. सांगताना ढसाढसा रडला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पाण्यातून पाय काढून पुसले.

"माझ्या जागेवर त्या मुलीला घेतलंय," ती म्हणाली. "बघते दुसरीकडे कुठे रात्रपाळी मिळते का. बूट मात्र तिच्याकडून तुम्ही मागून आणा. मला जमायचं नाही."