बोल नावाची फाइल

मी काळ्या पडद्याचा एक म्हातारा लॅपटॉप. डिचोलीजवळच्या एका खाणीच्या ऑफिसात माझी उमेदीची वर्षं गेली. खाण बंद पडली तेव्हा तिथल्या परेशने मला इब्रामपूरला घरी आणलं. माझ्यावर चित्रंबित्रं काही नाहीत. हुकूम टाइप करा, मी ऐकतो. मेलं तेवढंच मला येतं.

परेशच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मग तो माझ्यावर बोलू लागला. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचा, बायको विनोदिनी शेजारी बसून वाचायची. ‘पेजेत मीठ नाय गो.’ ‘रडा नको, चाय कर.’ सात महिन्यांचं सगळं बोलणं ‘बोल’ नावाच्या एकाच फाइलीत. मग तो गेला.

विनोदिनीला मला नुसतं चालू करता यायचं. पुण्याहून मुलगी समीक्षाने फोनवर शिकवलं. एलएस लिहिलं की फाइलींची नावं दिसतात. कॅट आणि पुढे नाव लिहिलं की अख्खी फाइल समोर. लेस लिहिलं तर एकेक पान, बाहेर पडायला क्यू. क्यू विसरली त्या दिवशी तासभर अडकली आणि मला चांगल्या शिव्या घातल्या. शिकली मात्र. रोज दुपारी भांडी आवरली की नवऱ्याचं बोलणं वाचायची.

वर्षश्राद्ध जवळ आलं. सामानाची यादी लिहायला समीक्षाने नवं शिकवलं: कॅट, मग उजवीकडे तोंड केलेला बाण, मग नाव. चार दिवसांत तेच बोटांत बसलं.

श्राद्धाचे पाहुणे गेल्यावर ती माझ्यासमोर बसली. लिहिलं: कॅट, बाण, बोल.

अगो, तो बाण नको होता! बाण आला की मी आधी फाइल रिकामी करतो आणि नव्या मजकुराची वाट बघतो. एका शब्दानं तिला विचारलं नाही मी, जळो माझी जात. पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत होती. तिला वाटलं, आज नवरा तिच्या बोलण्याची वाट बघतोय. तिने लिहिलं, ‘पेज केलंय, जेवाक येवा.’ आणि यादीसारखंच जपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली, तर तेवढी एकच ओळ. समीक्षाने फोनवर विचारलं, दुसरीकडे कुठे उतरवून ठेवली होती का? नव्हती.

मग विनोदिनी म्हणाली, ‘तेंका गप्प करून मीच बोलत बसलंय गो.’

तिने माझं झाकण लावलं. तीन आठवडे झाले, मी कपाटात आहे. ये गो बाये. शिव्या घाल, पण ये.