रामहरीकाकांचा प्रश्न

पूर्वीचा आवाज मला रोज सकाळी चहाबरोबर ऐकावा लागतो. कुणी जबरदस्ती करत नाही, मीच मोबाइलवर लावतो. "नमस्कार मंडळी, मी पूर्वी, इंदापूरहून," असं म्हणून ती हसते आणि पानाची मांडणी शिकवायला लागते. दोन ओळींमधलं अंतर आपोआप ठेवू नका, वरच्या वेलांट्या कापल्या जातात. चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिकचं चिन्ह दिसलं की समजा, आत मजकूर अडकलाय. यातलं एकूण एक वाक्य माझं आहे. बारामतीत माझ्या डीटीपीच्या दुकानात, माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसून तिनं ते ऐकलं आणि आता जगाला ऐकवते. माझं नाव एकदाही घेत नाही. मी जळतो. उगाच सभ्यपणाचा आव कशाला आणू?

म्हणून मी रामहरी झालो. पळसदेवचा रामहरी, नावापुढे धरणाच्या पाण्यातून वर आलेल्या देवळाचा फोटो. त्या नावानं मी तिच्या व्हिडिओखाली प्रश्न टाकायचो, तेही असे की तिची भरसभेत पंचाईत व्हावी. जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्यात आणला की जोडाक्षरं का फुटतात? पडद्यावरचा केशरी रंग कागदावर विटकरी का होतो? बाई प्रत्येकाचं उत्तर द्यायची, तेही गोड बोलून. पुढे तर तिनं 'रामहरीकाकांचा प्रश्न' असं वेगळं सदरच काढलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. म्हणजे तिचं दुकान मीच चालवत होतो.

अशात सांगवीच्या शेतकरी गटाची ऊस पुस्तिका माझ्याकडे आली. सगळी पानं झकास लागली, पण खतांच्या तक्त्यानं मला रडवलं. माझ्या कॉम्प्युटरवर आकडे एकाखाली एक, शिस्तीत उभे. छापखानेवाल्याला उघडी, म्हणजे बदल करता येणारी फाइल लागते, ती त्याच्याकडे गेली की रांगा घसरायच्या आणि युरियाचे आकडे पोटॅशखाली जाऊन बसायचे. मी सगळा तक्ता नव्यानं टाइप केला. पुन्हा तेच.

गटाचे अध्यक्ष दिग्विजयराव छापखान्यातलं नमुना पान हातात घेऊनच दुकानात आले.

"आनंदराव, ह्यो डोस दिला तर ऊस उभा जळंल," ते म्हणाले. "शुक्रवारी मेळावा हाय. जमत नसंल तर तसं सांगा, इंदापूरच्या त्या पोरीकडं देतो. लई हुशार हाय म्हणत्यात."

"जमतंय की, जमतंय," मी म्हणालो. माझ्या टेबलावरचं काम उचलून पूर्वीच्या टेबलावर गेलं असतं, तर मला बारामतीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

त्याच संध्याकाळी रामहरीनं घसरलेल्या तक्त्याचा फोटो पूर्वीला पाठवला. तिला उत्तर आलं तर माझं काम होणार होतं, नाही आलं तर तिची फजिती. दोन्हीकडून फायदा माझाच होता.

दुसऱ्या दिवशी चहा तसाच ठेवून मी व्हिडिओ लावला.

"रामहरीकाका, हे नुसत्या फोटोवरून सांगता येणार नाही," पूर्वी म्हणाली. "फाइल बघावी लागेल. तुम्ही असं करा, बारामतीला माझे गुरू आहेत, आनंद सर. त्यांच्याकडे फाइल घेऊन जा. त्यांना जमलं नाही, तर ते कुणालाच जमणार नाही."

गुरू म्हणाली. माझी छाती फुगली, पण ती क्षणभरच. माझाच प्रश्न फिरून माझ्या दारात आला होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दुपारी दिग्विजयरावांचा फोन. "व्हिडिओ बघितला. त्या रामहरीची अडचण आपल्यासारखीच हाय की. आलं का ते? त्येंचं करताना आपलं बी उरकून टाका."

"अहो, पूर्वीला फोन करा," माझी बायको यशोदा म्हणाली. "पोरगी काय खाणार हाय का तुमाला?"

"मेलो तरी करणार नाही," मी म्हणालो.

फोन कुणी केला मला माहीत नाही, म्हणजे माहीत आहे. बुधवारी सकाळी पूर्वी इंदापूरच्या एसटीनं येऊन दुकानात हजर झाली. यशोदानं पोहे आधीच करून ठेवले होते.

"सर, रामहरीकाकांची फाइल आली का?" तिनं विचारलं.

"आली आहे," मी तुटकपणे म्हणालो आणि फाइल उघडून दिली.

ती तिच्या जुन्या खुर्चीत बसली. तक्ता नीट बघितला आणि न दिसणाऱ्या खुणा दाखवणारी कळ दाबली. सगळं पान निळ्या ठिपक्यांनी भरून गेलं. दोन आकड्यांमधली जागा टॅबच्या कळीनं सोडायची असते. इथं प्रत्येक जागा स्पेसबार बडवून केली होती, एक ठिपका म्हणजे एक स्पेस. छापखान्यातल्या फॉन्टची रिकामी जागा केसभर वेगळी, की रांग घसरलीच. हे मी तिला याच खुर्चीत शिकवलं होतं, चांगलं ओरडून. त्या खुणा मी स्वतः कधी उघडत नाही. मी काय टाइप केलंय ते मला ठाऊक असतं, अशी माझी समजूत.

"सर, हे टायपिंग कुणाचं?"

"रामहरीचं," मी म्हणालो.

"तरीच," पूर्वी म्हणाली. तिनं हसू दाबलं ते मला दिसलं.

स्पेस काढून तिनं टॅब घातले. छापखान्यातून आलेल्या पानावर आकडे सरळ उभे होते. दिग्विजयरावांनी फोनवर माझं कौतुक केलं आणि मी ते निमूट ऐकून घेतलं. जाण्याआधी पूर्वीनं मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "आता उत्तर तुमीच सांगा सर. लोक वाट बघत्यात." मी सांगितलं, आणि झकास सांगितलं.

व्हिडिओ आला. खाली ढिगानं कॉमेंट. 'पूर्वीताई, किती मोठं मन तुमचं.' 'गुरूला मान देणं ताईंकडून शिकावं.' बोललो मी, आणि आरती पुन्हा तिचीच. माझं डोकं फिरलं. मग रामहरीनं लिहिलं, 'आनंद सरांनी पूर्वीताईंपेक्षा सोपं करून सांगितलं. मला तर एका झटक्यात समजलं.'

तिचं उत्तर लगेच आलं.

'अगदी खरं, रामहरीकाका. आता तेवढा स्पेसबार सोडा, आणि काकूंना सांगा, पोहे छान झाले होते.'