दिवसाला दोन टॉवेल

माझी लेक बाळंतपणानंतर माझ्याकडे आली ती नाइलाजाने. तिची मोठी आई जिवंत असती तर ती तिकडेच गेली असती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मोठी आई म्हणजे माझी थोरली जाऊ. तिला मूलबाळ नव्हतं. माझ्या लेकीला बाटलीने दूध पाजलं तिने, वेण्या घातल्या तिने, तापात उशाशी बसली ती. लेक मला आई म्हणायची आणि तिला मोठी आई, म्हणजे मोठेपण कोणाच्या वाट्याला गेलं ते सांगायला नको. गेल्या वर्षी जाऊ गेली. म्हणून बत्तीस वर्षांची माझी मुलगी वीस दिवसांचं बाळ घेऊन माझ्या दोन खोल्यांत आली, आणि पाहुणीसारखी बॅग भिंतीला टेकवून पलंगाच्या कडेवर बसली.

जावई बोटीवर नोकरीला. फोन लागला की तिकडून सल्ला द्यायचा, पाणी जास्त पी, टेन्शन घेऊ नकोस. समुद्रात बसून पाण्याचा सल्ला द्यायला काय जातंय!

इकडे पिटुकली आईच्या अंगाला लावली की किंचाळायची. पाठीची कमान करायची, तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या. दोन-चारदा चोखायची, सोडायची, पुन्हा टाहो. लेकीच्या बोंडशा चिरल्या होत्या. पाजायची वेळ झाली की ती ओठ दाबून बसायची आणि पायाची बोटं आत वळवून घ्यायची. मी ती बोटं बघत राहायची. तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझं दूध कडू असेल. माझंही होतं. आपल्याकडे आहेच ते."

डब्यातलं मीठ संपलंय हे सांगावं तसं मी ते सांगितलं. बत्तीस वर्षांपूर्वी मला कोणीतरी दिलेलं वाक्य मी जसंच्या तसं तिच्या पदरात टाकलं. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. पोरीला उचललं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मग तूच घे हिला."

आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण बरं वाटलं. मी बाटली भरली, पिटुकलीने ती घेतली, खांद्यावर ढेकर दिला आणि झोपली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एक बाळ माझ्याकडे येऊन गप्प झालं होतं. चार दिवस मी ते सुख भोगलं. ती रडली की लेकीच्या आधी मी उठायची. "राहू दे गं, तू पड," असं किती मायेने म्हणायची मी! लेक पडून राहायची, भिंतीकडे तोंड करून.

दवाखान्यातून येताना मिळालेल्या फाइलमध्ये एक कागद होता. अंगावर पाजताना अडचण येत असेल तर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अमुक खोलीत नर्सला भेटा, असं त्यावर छापलेलं. तो मी पहिल्याच दिवशी वाचला होता. वाचून परत फाइलमध्ये घातला होता. लेकीला बोलले नाही. पाजायला कसली आलीय शिकवणी, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. चार दिवसांनंतर मात्र ती सबबसुद्धा खरी राहिली नव्हती.

शुक्रवारी सकाळी लेक न्हाणीघरात गेली आणि नळ सुरू झाला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, नळ आपला धो धो वाहतोय. मी बाहेरून ओरडले, "टाकी रिकामी करणार आहेस का?" नळ चालूच. पुन्हा ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बाई नळ उगाच का सोडून ठेवते हे या घरात माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

मी दार ढकललं. ती बेसिनवर वाकली होती. दाटून आलेलं दूध हाताने पिळत होती, ते पाण्याबरोबर वाहून जात होतं, आणि ती रडत होती.

मीसुद्धा अशीच उभी राहायची. ही सव्वा महिन्याची होईपर्यंत, दिवसातून तीन-चार वेळा. हिला जवळ घेतलं की ही अशीच किंचाळायची. सगळं घर गोळा व्हायचं. मग एक दिवस जाऊ म्हणाली, दूध कडू असणार, दे इकडे. तिने बाटली लावली आणि ही गप्प झाली. घराने सुटकेचा श्वास टाकला. पलीकडच्या खोलीत ही डब्यातल्या पावडरचं दूध पीत असायची आणि मी नळ सोडून माझं दूध ओतत असायची. एकदा मी बोटावर घेऊन चाखलं होतं. गोड होतं. पण कोणाला सांगणार? माझ्या जिभेवर कोण विश्वास ठेवणार होतं? माझाच बसला नाही.

मी नळ बंद केला. "कपडे बदल," म्हटलं.

"कुठे जायचंय?"

"दवाखान्यात. पाजायला शिकवणारी नर्स बसते तिथे."

"तुला कसं माहीत?"

"फाइलमध्ये कागद आहे. पहिल्या दिवशीच वाचला होता मी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

नर्सची खोली लहान होती. एक पलंग, एक आरामखुर्ची, तीन-चार उशा आणि टेबलावर वजनकाटा. काटा पाहून मला जरा धीर आला. तीस वर्षं मी टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसले आहे. लोक काहीही सांगतात, काट्यावर ठेवलं की समजतं. नर्स पन्नाशीची, आवाज खणखणीत, पण लेकीशी बोलताना तो आपोआप खाली यायचा. तिने पिटुकलीला कपड्यांसकट काट्यावर ठेवलं. दोन किलो नऊशे दहा. मग म्हणाली, "आता रोज पाजतेस तशी पाज. मी नुसती बघते."

वीस मिनिटं तीच लढाई चालली. लेकीची पायाची बोटं वळली. पोर किंचाळली. नर्सने परत काट्यावर ठेवलं. नऊशे अठरा.

"आठ ग्रॅम," मी म्हटलं. आठ ग्रॅम म्हणजे साधं पत्र. वीस मिनिटं जिवाचा आटापिटा करून त्या पोरीच्या पोटात एका पत्राएवढं दूध गेलं होतं.

नर्सने हातमोजा घातला, बोट पिटुकलीच्या तोंडात घालून जीभ उचलली आणि आम्हाला जवळ बोलावलं. जिभेखाली एक पांढरी ताणलेली दोरी होती, थेट टोकापर्यंत. "जीभ बांधलेली आहे हिची," ती म्हणाली. "पुढे येतच नाही, तर दूध ओढणार कशी? ही रुसलेली नाहीये गं. रोज ताटावर बसते आणि उपाशी उठते. रडणार नाही तर काय करणार?" मग सहज विचारलं, "घरात आणखी कोणाची आहे का अशी? कधी कधी असते."

लेकीने जीभ बाहेर काढली. जेमतेम दातांच्या पुढे आली, मधोमध खाच पडलेली.

ती जीभ मी हजारदा पाहिली होती. लहानपणी ती मला वेडावून दाखवायची तेव्हा तेवढीच यायची बाहेर. मामेभावंडं हसायची. मी पाठीत धपाटे घालायची. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात काही आलं नाही.

नर्स म्हणाली, दोरी असली की कापावीच लागते असं नाही, पण ही फारच ताणलेली आहे. शेजारच्या खोलीतले बालरोगतज्ज्ञ आले, त्यांनीही तेच सांगितलं. लेकीने मान हलवली. अर्ध्या मिनिटाचं काम. रक्ताचा एक थेंब आला, पोर रडली आणि नर्सने तिला लगेच आईच्या मांडीवर दिली. उशी इथे, पोट पोटाला लागू दे, हनुवटी आधी, घाई नको, तोंड मोठं उघडेपर्यंत थांब, आता! लेकीने डोळे मिटून घेतले. मग खोलीत आवाज आला. गट्. जरा थांबून, गट्. मी पोरीकडे बघत नव्हते. मी लेकीच्या पायांकडे बघत होते. बोटं हळूहळू सुटी झाली.

काट्यावर छत्तीस ग्रॅम वाढले.

"आजच बाटली बंद करायची नाही," नर्स बजावत होती. "आधी अंगावर, मग वरचं. दुखणं जायला थोडे दिवस लागतील. मंगळवारी परत ये. नाही जमलं तरी ये, तेव्हा तर नक्कीच ये."

सगळं आवरून निघायचं होतं. दुपटं घडी करता करता मी विचारलं, "बाई, दूध कडू असतं का हो?"

"कोणी सांगितलं?"

"माझं होतं म्हणे. हिच्या वेळी."

तिने पेन खाली ठेवलं. "दूध यायचं का तुम्हाला?"

"ब्लाउजच्या आत टॉवेल घडी करून ठेवायची मी. दिवसाला दोन लागायचे."

"इतक्या जुन्या गोष्टीचं छातीठोक नाही सांगता येणार, आजी," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज माझ्यासाठी खाली आला. "पण दोन टॉवेल भिजत होते ना? मग दूध होतं. भरपूर होतं. हिला ओढता येत नसणार."

मी बरं म्हटलं. दुपट्याची घडी चुकली होती, ती मोडून पुन्हा घातली. ती घडी काही केल्या नीट बसेना.

लेकीला घेऊन मी घरी आले. दुपारी ती खिडकीपाशी खुर्चीत बसली, नर्सने दाखवल्यासारख्या उशा लावून. पिटुकली पीत होती. मी बाटल्या धूत होते.

"किती दिवस ओतलंस?" तिने विचारलं.

"सव्वा महिना. मग आटलं."

"मोठ्या आईला माहीत होतं?"

"नळाचा आवाज यायचा तिला. पण तिने मुद्दाम काही केलं असं मनात आणू नकोस. मूल रडत होतं आणि तिच्या हातात गेल्यावर गप्प झालं. त्याने माणसाचं काय होतं, ते मला या चार दिवसांत कळलं."

"आणि नंतर? मी मोठी झाल्यावर? तेव्हा तर दुधाचा प्रश्न नव्हता. तेव्हा का नाही गं घेतलंस जवळ?"

नळ चालू होता. मी तो बंद केला, कारण आता काही झाकायचं नव्हतं. "तू माझ्याजवळ आलीस की रडायचीस. मला वाटलं, तुला मी आवडत नाही. एवढ्याशा जिवाला आपण आवडत नाही म्हटल्यावर मी घाबरले. मग हात पुढे करायची सवयच गेली."

पिटुकलीचं गट् गट् तेवढं ऐकू येत होतं. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी तुझ्यावर रागावले नव्हते गं, आई. मला भूक लागली होती."

तिला काय आठवत असणार? काहीच नाही. तरी मी हातातली बाटली खाली ठेवली. बत्तीस वर्षांत ते कोणी मला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगून काय परत येणार होतं? ते दूध गेलं. ते दिवस गेले. ती गेली होती दुसरीकडे, आणि मी तिला जाऊ दिलं होतं.

सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. मी ताट वाढलं आणि तिच्यासमोर नेलं. तिचे दोन्ही हात बाळाखाली अडकले होते. मी स्टूल ओढून बसले आणि घास करून तिच्या तोंडापाशी धरला. ती नाही म्हणेल असं वाटलं.

तिने तोंड उघडलं.